देश एक, चलन एक, तरी एक भाग पुढे आणि दुसरा मागे का राहतो?

प्रश्न थोडक्यात असा होता: एकाच देशात कायदे तेच, चलन तेच, बँका त्याच, माणसं कुठूनही कुठेही जायला मोकळी, तरी एका भागातला कामगार तासाला दुसऱ्या भागातल्या कामगाराच्या दुप्पट मूल्य कसं काय तयार करतो, सरकारं वर्षानुवर्षं मागास भागात पैसा ओततात तरी दरी का मिटत नाही, आणि हे आपल्या हयातीत मिटेल का? मी पंचवीसेक वर्षं प्रादेशिक नियोजनाच्या कामात आहे, त्यातली बरीच वर्षं आकडे गोळा करण्यात आणि औद्योगिक वसाहती पालथ्या घालण्यात गेली, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सावकाश वाचा.

आधी प्रश्नातलंच एक गृहीत उलटं करतो. तुम्ही म्हणता चलन एक आहे "तरी" दरी का. माझं म्हणणं, चलन एक आहे "म्हणून" दरी टिकते, निदान तिच्या टिकण्याचं ते एक मोठं कारण आहे. कसं ते बघा. एखाद्या अख्ख्या देशाची प्रॉडक्टिव्हिटी (उत्पादकता, म्हणजे एका कामगारामागे निघणारं उत्पादन) कमी असली तरी तो देश काही ना काही विकत राहतो, कारण त्याचं चलन घसरतं, त्याचा माल बाहेर स्वस्त पडतो, आणि ज्या कामात तो त्यातल्या त्यात बरा आहे ते काम त्याच्याकडे टिकतं. पण देशातल्या देशात मागे पडलेल्या भागाला स्वतःचं चलन नाही. त्यात पगार जर देशभर साधारण एकाच पातळीवर ठरत असतील तर तिथल्या मालकाला पगार पुढारलेल्या भागासारखा द्यायचा आणि उत्पादन मात्र सत्तर टक्के मिळणार, मग तो तिथे कारखाना काढेल कशाला? म्हणजे देशादेशांत सगळ्यांना काहीतरी वाट्याला येतं, पण देशाच्या आत जो सगळ्याच बाबतीत मागे आहे त्याच्या वाट्याला फक्त एक गोष्ट येते, तिथून माणसं निघून जाणं.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे पूर्व जर्मनी. १ जुलै १९९० ला दोन्ही जर्मनींचं चलन एक झालं, आणि पगार नि पेन्शन एकास एक दरानं पश्चिमेच्या मार्कमध्ये बदलले गेले. त्यावेळी पूर्वेतल्या कामगाराची उत्पादकता पश्चिमेच्या साधारण एक तृतीयांश होती. लोकांच्या बाजूनं बघितलं तर निर्णय समजण्यासारखा आहे, वेगळा दर दिला असता तर सगळेच पश्चिमेकडे धावले असते. पण कारखान्यांच्या बाजूनं बघा, रातोरात खर्च पश्चिमेच्या चलनात आणि उत्पादन तेच जुनं. त्यानंतर पगार करारांनी आणखी भराभर वाढले, आणि औद्योगिक उत्पादन वर्ष-दीड वर्षात निम्म्याहूनही खाली आलं. ट्रॉयहांड नावाच्या सरकारी संस्थेनं हजारो सरकारी कंपन्या विकल्या किंवा बंद केल्या आणि १९९४ च्या अखेरीस स्वतःचं काम संपवलं. आता शेजारचं चेकोस्लोव्हाकिया बघा. तिथेही जुनी यंत्रं, तिथेही तीच कम्युनिस्ट राजवट गेलेली, पण त्यांचं चलन वेगळं होतं, ते त्यांनी खाली आणलं, पगार कमी राहिले, आणि १९९१ मध्ये फोक्सवॅगन स्कोडामध्ये भागीदार म्हणून आली. चेक कामगार पूर्व जर्मन कामगारापेक्षा बरीच वर्षं गरीब राहिला हेही खरंच, पण त्याचा कारखाना चालू राहिला. पूर्व जर्मनीत लोकांच्या हातात पैसा, चांगले रस्ते, चांगली पेन्शन सगळं आलं, आणि काम गेलं. आज पस्तीस वर्षांनंतर पूर्वेची उत्पादकता पश्चिमेच्या साधारण चार पंचमांशापर्यंत आली आहे, म्हणजे खूप आली, पण शेवटचा पंचमांश हलता हलत नाहीये.

इटलीत हेच जरा वेगळ्या रीतीनं झालं. तिथे आधी वेगवेगळ्या विभागांत वेगवेगळे किमान पगार असायचे, राहणीमानाच्या खर्चाप्रमाणे. कामगार संघटनांनी त्याविरुद्ध आंदोलन केलं, त्यांचा मुद्दा न्यायाचा होता, समान कामाला समान दाम, आणि १९६९ च्या सुमाराला ही पद्धत टप्प्याटप्प्यानं बंद झाली. त्यानंतर उत्तरेतल्या आणि दक्षिणेतल्या करारातला पगार एक, उत्पादकता मात्र वेगळी. याचा परिणाम दक्षिणेतली मोठी बेरोजगारी आणि कराराबाहेरचं, कागदावर नसलेलं काम यात दिसतो. मी हे सांगतो तेव्हा लोक लगेच म्हणतात की म्हणजे तुम्ही गरीब भागात पगार कमी करा म्हणताय. तसं अजिबात नाहीये. मी फक्त हिशोब मांडतोय की पगार समान ठेवायचा असेल (आणि मला स्वतःला तो शक्य तितका समान असावा असंच वाटतं) तर उत्पादकतेवर त्याच्या दुप्पट मेहनत घ्यायला लागते, आणि नेमकी तीच मेहनत टाळली जाते कारण ती दिसत नाही आणि तिला वेळ लागतो.

आता उत्पादकता कमी म्हणजे नक्की काय कमी, याकडे येतो, कारण इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. पहिला गैरसमज, की तिथली माणसंच कमी काम करतात. हे ऐकलं की मला खरोखर राग येतो. तोच माणूस गाडीत बसून पुढारलेल्या शहरात जातो आणि सहा महिन्यांत तिथल्यांच्या बरोबरीनं उत्पादन काढतो, हे जगात सगळीकडे दिसतं. अर्थात माणसांच्या कौशल्यातही फरक असतो. फ्रान्समध्ये कोम्ब, ड्युरांतों आणि गोबियों यांनी २००८ मध्ये कामगारांची बरीच वर्षांची माहिती तपासली तेव्हा वेगवेगळ्या भागांतल्या पगारातला जवळपास निम्मा फरक हा जास्त कौशल्याची माणसं एका जागी गोळा झाल्यामुळे आहे असं दिसलं. पण ती गोळा का झाली? कारण तिथे त्यांना काम होतं. आणि उरलेला फरक जागेचाच आहे.

जागेचा फरक म्हणजे काय ते मला एका कारखान्यात कळलं. सबसिडी देऊन उभी केलेली एक औद्योगिक वसाहत होती, मोठ्या शहरापासून बरीच लांब, तिथे पॅकेजिंगचा एक कारखाना, आणि त्याच कंपनीचा अगदी तसाच दुसरा कारखाना मोठ्या शहराजवळ. मशीन त्याच बनावटीची, त्याच वर्षीची, ऑपरेटरला ट्रेनिंगही एकाच ठिकाणी दिलेलं. तरी दूरच्या कारखान्यातलं माणशी उत्पादन पाचव्या-सहाव्या हिश्शानं कमी. कंपनीचं मत, कामगारांची शिस्त कमी पडते. मी शॉप फ्लोअरवर बसून ब्रेकडाऊनचं रजिस्टर मागितलं. महिन्याला मशीन तीनदा बंद पडत होती, आणि शहराजवळच्या कारखान्यातही तीनदाच. पण तिथे बेअरिंग गेलं की मेकॅनिक दुचाकीवर पार्ट घेऊन येतो, चार तासांत मशीन चालू. इथे फोन करायचा, पार्ट रात्रीच्या गाडीनं निघणार, मेकॅनिक सकाळी पोचणार, काम संपायला दुपार उलटून जाणार, म्हणजे छत्तीस तास. महिन्याचे ६२४ तास मशीन चालायला हवी, इथे १०८ तास बंद आणि तिथे १२ तास. सतरा टक्के विरुद्ध दोन टक्के. तुमची शिस्त-बिस्त सगळी या दोन आकड्यांत संपली. त्यात भर म्हणून दूरच्या कारखान्याला स्पेअर पार्टचा मोठा साठा ठेवावा लागायचा, त्यात भांडवल अडकलेलं, आणि जो फिटर थोडंफार स्वतः दुरुस्त करू शकायचा तो दर दोन वर्षांनी शहरात निघून जायचा, कारण त्याला तिथे अशा दहा कंपन्या होत्या आणि इथे एकच.

हे काही नवीन ज्ञान नाहीये. अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शलनं १८९० मध्ये सांगून ठेवलंय की एकाच धंद्याची माणसं एका जागी जमली की कुशल कामगार मिळतात, पुरवठादार मिळतात, आणि त्या धंद्याच्या खुब्या जणू हवेतच पसरतात. गुन्नार मिर्दालनं १९५७ मध्ये त्याचा पुढचा भाग सांगितला, की एकदा एक भाग पुढे गेला की तो भांडवल आणि माणसं ओढत राहतो आणि मागच्याची स्थिती त्यानं आणखी बिघडते, आपोआप समतोल होतो हा भ्रम आहे. तर जेफ्री विल्यमसननं १९६५ मध्ये बऱ्याच देशांचे आकडे लावून म्हटलं की विकासाच्या सुरुवातीला दरी वाढते आणि नंतर कमी होते. माझ्या अनुभवात दोघंही अर्धे-अर्धे बरोबर आहेत. शेतीतली माणसं कारखान्यात येईपर्यंत दरी कमी व्हायला जागा असते, ती हालचाल संपली की मिर्दाल खरा ठरायला लागतो.

आकड्यांबद्दल दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे जात नाही, कारण चर्चा नेहमी चुकीच्या आकड्यावर होते. माणशी जीडीपी आणि कामगारामागे उत्पादन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मध्य लंडनचा माणशी जीडीपी अचाट दिसतो कारण तिथे काम करणारे लाखो लोक राहायला बाहेर आहेत, उत्पादन शहराच्या खात्यात आणि डोकी दुसऱ्याच्या. जर्मनीतलं वोल्फ्सबुर्ग एका फोक्सवॅगनमुळे यादीत वर असतं. मी स्वतः एकदा एका छोट्या भागाची उत्पादकता एका वर्षात भरमसाट वाढलेली बघून आनंदानं टिपण लिहायला बसलो होतो, नंतर कळलं की तिथे एक वीजनिर्मिती केंद्र सुरू झालंय, माणसं काही शे, मूल्य प्रचंड, आणि बाकीच्या भागात काडीचाही फरक नाही. तेव्हापासून कुठलाही आकडा आला की मी आधी त्यातला सगळ्यात मोठा एकच युनिट काढून टाकून परत बघतो.

दुसरी गोष्ट म्हणजे दरीचं विभाजन, ते कागदावर करून बघा, डोळे उघडतात. समजा पुढारलेल्या भागात १०० कामगारांपैकी २० शेतीत, ५० कारखान्यात, ३० सेवांमध्ये, आणि माणशी उत्पादन अनुक्रमे २, ५ आणि ६ एकक. बेरीज ४७०, म्हणजे माणशी ४.७. मागच्या भागात ६० शेतीत, २० कारखान्यात, २० सेवांमध्ये, आणि माणशी दीड, ४ आणि ३. बेरीज २३०, माणशी २.३. म्हणजे दुपटीची दरी. आता मागच्या भागाला जादूनं पुढच्या भागासारखी रचना दिली, २०-५०-३०, पण प्रत्येक क्षेत्रातली त्याची स्वतःची उत्पादकता तीच ठेवली, तर बेरीज येते ३२०, माणशी ३.२. म्हणजे २.४ च्या दरीतले फक्त ०.९ हे "शेती जास्त, कारखाने कमी" यामुळे आहेत, बाकीचे १.५ हे त्याच क्षेत्रात कमी उत्पादन निघतं म्हणून आहेत. आणि त्या १.५ मध्ये शेतीचा वाटा ०.१, कारखान्यांचा ०.५, आणि सेवांचा ०.९. हे आकडे उदाहरणासाठी घेतलेत, पण चित्र असंच काहीसं मी परत परत बघितलंय. सगळी चर्चा कारखाने आणायची चालते आणि दरीचा मोठा तुकडा सेवांमध्ये लपलेला असतो, कारण पुढच्या भागातल्या "सेवा" म्हणजे डिझाईन, वित्त, सॉफ्टवेअर, कायदेशीर सल्ला, कंपन्यांची हेड ऑफिसं, आणि मागच्या भागातल्या सेवा म्हणजे किरकोळ दुकानदारी, वाहतूक आणि सरकारी नोकऱ्या. नाव एकच, काम वेगळं.

ब्रिटनमध्ये हे नीट दिसतं. लंडनचं तासाचं उत्पादन देशाच्या सरासरीपेक्षा साधारण चतुर्थांश ते तृतीयांश जास्त आहे आणि मँचेस्टर, बर्मिंगहॅमसारखी मोठी शहरं सरासरीच्याही खाली. श्रीमंत देशांत दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाची शहरं सहसा सरासरीच्या वर असतात. तिथले कारखाने गेले त्या जागी वरच्या दर्जाच्या सेवा आल्या नाहीत, त्या लंडनमध्ये जमल्या. पूर्व जर्मनीतही शेवटचा पंचमांश अडलाय त्याचं एक कारण हेच, मोठ्या कंपन्यांची मुख्यालयं जवळपास सगळी पश्चिमेत, पूर्वेत त्यांच्या शाखा. शाखेत माल बनतो, पण संशोधन, विक्रीचे निर्णय, मोठे पगार आणि नफ्याची नोंद दुसरीकडे.

मग लोक म्हणतात रस्ते बांधा, सगळं जोडलं की सगळं सुधारेल. रस्ता दोन्ही दिशांना चालतो हे मी इतक्या मीटिंगमध्ये सांगितलंय की मोजदाद नाही. चीननं १९९० च्या दशकापासून राष्ट्रीय महामार्गांचं प्रचंड जाळं विणलं, आणि बेंजामिन फेबर या अर्थतज्ज्ञानं २०१४ मध्ये दाखवलं की मोठ्या शहरांच्या मधल्या वाटेवर जे परिघावरचे तालुके त्या जाळ्याला जोडले गेले त्यांची वाढ न जोडलेल्या तशाच तालुक्यांपेक्षा कमी राहिली, मुख्यतः उद्योगात. कारण सोपं आहे, आधी अंतरामुळे जो छोटा कारखानदार टिकून होता त्याच्या दारात आता मोठ्या शहरातला स्वस्त माल पोचला. याचा अर्थ रस्ते नकोत असा कुणी घेऊ नका, दवाखाना, शाळा, बाजार यासाठी रस्ता हवाच. पण रस्ता म्हणजे उद्योगधोरण नव्हे. आणि कुठला रस्ता तेही बघायला हवं, मागच्या भागातली चार मध्यम शहरं आपसात जोडणारा रस्ता आणि प्रत्येकाला फक्त राजधानीशी जोडणारा रस्ता यांचे परिणाम वेगळे होतात, पहिल्यानं त्या चारांचा मिळून एक मोठा कामगार बाजार तयार होतो, दुसऱ्यानं चौघंही राजधानीची उपनगरं व्हायला लागतात.

वाहतूक खर्चाचं उलटं उदाहरण भारतातलं. १९५० च्या दशकापासून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मालभाडं समान ठेवायची योजना होती, म्हणजे पोलाद, सिमेंट यांसारखा माल देशात कुठेही रेल्वेनं नेला तरी खरेदीदाराला पडणारी किंमत तीच. हेतू चांगला, देशभर उद्योग पसरावेत. पण खनिजाच्या खाणींजवळ असण्याचा बिहार, ओडिशा, पश्चिम बंगाल या पूर्वेकडच्या राज्यांचा जो नैसर्गिक फायदा होता तोच त्यानं काढून घेतला, आणि पोलाद वापरणारे उद्योग बंदरं आणि बाजार जिथे होते तिकडे बसले. योजना संपली तरी ते उठून परत आले नाहीत. मागच्या भागाकडे जो एखादा खरा फायदा आहे तो समानतेच्या नावाखाली पुसला जात नाहीये ना, हे प्रत्येक धोरणात आधी तपासावं असं मी यावरून शिकलो.

आता पैशाबद्दल, कारण मूळ प्रश्नात खरी तक्रार तीच आहे. दरी एक नसते, दोन असतात, उत्पन्नाची आणि उत्पादनाची. पेन्शन, अनुदानं, सरकारी नोकऱ्या यांनी उत्पन्नाची दरी भरते आणि ती भरलीच पाहिजे, कुणाच्या जन्माचं ठिकाण त्याच्या औषधपाण्याच्या आड येऊ नये. पण त्यानं उत्पादनाची दरी भरत नाही, आणि सरकारं पहिल्यावर खर्च करून दुसरी मिटायची वाट बघतात. इटलीनं दक्षिणेसाठी १९५० मध्ये कासा पेर इल मेत्सोजोर्नो नावाचा निधी काढला, तो १९८४ पर्यंत चालला. पहिल्या दशकात मुख्यतः धरणं, पाणी, रस्ते, जमीन सुधारणा यावर खर्च झाला, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत दरी खरंच कमी होत होती. १९६० च्या सुमारापासून मोठमोठे पोलाद आणि रसायनांचे कारखाने आणले, टारांटोचा पोलाद कारखाना त्यातलाच, आणि त्यांना लोक "वाळवंटातली कॅथेड्रल" म्हणायला लागले, कारण आजूबाजूला त्यांना पार्ट पुरवणारं, त्यांचा माल वापरणारं कुणी उगवलंच नाही. त्यात १९७० च्या दशकातलं तेलसंकट आलं, पोलादाची मागणी बसली, आणि नंतर निधी हळूहळू नोकऱ्या वाटायचं राजकीय साधन झाला. आजही दक्षिणेचं माणशी उत्पादन उत्तर आणि मध्य इटलीच्या सहा दशांशापेक्षा थोडं कमीच आहे.

पण पैसा कधीच चालत नाही असंही नाही, आणि ते मला ठासून सांगायचंय कारण हल्ली सगळं फुकट जातं असं म्हणायची फॅशन झालीय. अमेरिकेत १९३३ मध्ये टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी सुरू झाली, त्यावेळी तो देशातल्या सगळ्यात गरीब भागांपैकी एक. धरणं, वीज, रस्ते, कालवे. क्लाईन आणि मोरेट्टी यांनी २०१४ मध्ये त्याचा लांब पल्ल्याचा हिशोब काढला, तर सरकारी पैसा आटल्यावर शेतीतला फायदा विरून गेला पण कारखानदारीतला फायदा त्यानंतरही दशकानुदशकं वाढतच राहिला. फरक का, तर कारखान्यांनी एकमेकांसाठी पुरवठादार आणि कामगार तयार केले, शेतीत तसं झालं नाही. त्याच अभ्यासात कडू गोष्टही आहे, की एकत्र येण्यामुळे तिथे जो फायदा झाला तेवढंच नुकसान देशाच्या दुसऱ्या भागांत झालं असावं. युरोपियन युनियन ज्या प्रदेशांचा माणशी जीडीपी युनियनच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांखाली आहे त्यांना सगळ्यात जास्त विकासनिधी देते, तिथेही अभ्यासांमध्ये हेच दिसतं की जिथे शिकलेली माणसं आणि बरं प्रशासन आधीपासून होतं तिथे वाढ झाली, जिथे नव्हतं तिथे पैसा खर्च झाला एवढंच.

म्हणून मला विचाराल तर मी आधी तिथे काय उरलंय ते शोधतो, काय नाहीये ते नंतर. पूर्व जर्मनीत ड्रेस्डेन आणि येना वर आली ती अशीच. येनामध्ये झाइस या जुन्या लेन्स-कंपनीमुळे काच आणि लेन्सचं कसब पिढ्यानपिढ्या होतं, ड्रेस्डेन जुन्या राजवटीत मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सचं केंद्र होतं, १९९० नंतर कंपन्या बुडाल्या तरी हात आणि डोकी होती, शिकवणारी विद्यापीठं होती, त्यावर चिपचे कारखाने येऊन बसले. शून्यातून उभं केलेलं नाही ते. आणि वर सांगितलेल्या त्या वसाहतीत मी शेवटचा गेलो तेव्हा तिथल्याच दोन जुन्या फिटरनी गेटबाहेर स्वतःचं दुरुस्तीचं वर्कशॉप टाकलं होतं, लेथ एक, वेल्डिंग सेट एक, आणि आसपासच्या नऊ-दहा कारखान्यांचे नेहमी लागणारे पार्ट एकत्र साठवलेले. मशीन बंद राहायची वेळ छत्तीस तासांवरून सहा-सात तासांवर आलेली. एकट्या कारखान्याला तो मेकॅनिक परवडत नव्हता, दहांना मिळून परवडला. सबसिडीच्या योजनेत याची कुठेच नोंद नव्हती, कारण योजनेत फक्त कारखाने आणि नोकऱ्या मोजायचा रकाना होता. मी तेव्हापासून प्रत्येक अहवालात "दुरुस्तीला लागणारे तास" हा रकाना घालतो, आणि टॅक्स माफीपेक्षा आधी सामाईक दुरुस्ती केंद्र, टेस्टिंग लॅब आणि त्या धंद्याला जोडलेला पॉलिटेक्निक कोर्स मागतो. टॅक्स माफी संपली की तिच्यासाठीच आलेला कारखाना दुसरी माफी शोधत निघतो, लॅब कुठे जात नाही.

निवडही करावी लागते, आणि ते राजकारण्यांना नको असतं. शंभर ठिकाणी चिमूटभर पैसा टाकला की सगळ्यांची नावं यादीत येतात आणि कुठेच तेवढी गर्दी जमत नाही की ज्यानं मेकॅनिकला धंदा मिळेल. मागच्या भागातलीच दोन-तीन मध्यम शहरं निवडून तिथे दाट काम करावं, आणि आजूबाजूच्या गावांतून तिथे रोज जा-ये करता येईल अशी वाहतूक द्यावी. आणि मग ते बदलू नये. ब्रिटनमध्ये १९९९ मध्ये प्रादेशिक विकास संस्था काढल्या, २०१२ मध्ये बंद केल्या, २०२२ मध्ये लेव्हलिंग अपची, म्हणजे मागास भागांना वर आणण्याच्या योजनेची, श्वेतपत्रिका आली, २०२३ मध्ये मँचेस्टरपर्यंतच्या वेगवान रेल्वेचा टप्पा रद्द झाला. दर दहा वर्षांनी पाटी बदलली की कुठला उद्योजक वीस वर्षांची गुंतवणूक करेल?

माणसांच्या जाण्याबद्दल थोडं वेगळं बोलतो. लोकांनी सरळ पुढारलेल्या भागात जावं असं म्हणणारे असतात, आणि अमेरिकेत शंभर वर्षं ते बऱ्यापैकी चाललंही, १८८० ते १९८० मध्ये गरीब राज्यं श्रीमंतांच्या जवळ येत गेली. नंतर तो वेग मंदावला, आणि गानोंग आणि शोआग यांनी २०१७ मध्ये दाखवलेलं एक कारण म्हणजे श्रीमंत शहरांतली घरं. बांधकामावर इतके निर्बंध की घरभाडं पगारवाढ खाऊन टाकतं, म्हणून वकील-इंजिनिअर जाऊ शकतात, सफाई कामगार आणि शिपाई जाऊ शकत नाहीत. म्हणजे प्रादेशिक दरीचा एक उपाय मागास भागात नाहीच, तो पुढारलेल्या शहरात घरं बांधू देण्यात आहे. मागे राहणाऱ्यांचं काय, तर तरुण आणि शिकलेले आधी जातात, पूर्व जर्मनीत तर तरुण मुली मुलांपेक्षा जास्त गेल्या, आणि मागे उरलेल्या गावात शाळा बंद, मग उरलेलेही जातात. स्पेनमधल्या दे ला रोका आणि पुगा यांच्या अभ्यासातली एक गोष्ट मात्र मला फार आशेची वाटते. माद्रिद-बार्सिलोनासारख्या मोठ्या शहरात काम केलेल्या माणसाला तिथे मिळालेल्या अनुभवाचा फायदा छोट्या गावी परतल्यावरही बराचसा टिकतो. म्हणजे गेलेला माणूस परत आला तर तो नुसता परत येत नाही, जास्त काहीतरी घेऊन येतो. त्याला परत यायला काय लागेल, जोडीदारालाही काम, मुलांना बरी शाळा, हे प्रश्न औद्योगिक धोरणाच्या फाईलमध्ये कधीच नसतात आणि खरं तर तिथेच असायला हवेत.

राहिला हयातीचा प्रश्न. बॅरो आणि साला-इ-मार्टिन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिका, युरोप, जपान इथल्या प्रदेशांचे आकडे लावून काढलं की दरी वर्षाला साधारण दोन टक्क्यांनी कमी होते. ऐकायला बरं वाटतं, पण दोन टक्क्यांनी दरी निम्मी व्हायला पस्तीस वर्षं लागतात आणि पाव राहायला सत्तर, तेही सगळं सुरळीत चाललं तर. म्हणजे आज पंचविशीत असणाऱ्यानं साठीला येईपर्यंत दुपटीची दरी दीडपटीच्या थोडी खाली आलेली बघावी, एवढी अपेक्षा मी धरतो. तोपर्यंत तुमच्या भागाचा जीडीपी दरवर्षी बघत बसू नका, तो एका वीज केंद्रानं उडी मारतो. पंचवीस ते पस्तीस वयाच्यांपैकी किती गेले आणि किती परत आले, आणि मशीन बंद पडली की किती तासांनी चालू होते, हे दोन आकडे पाच-पाच वर्षांनी बघा.